बुटाखालची गोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवासमोरसुद्धा नाही – त्याला ठाऊक असेल म्हणून तिथे फार वेळ डोळे मिटून उभीच राहत नाही मी. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. निदान ओळखत नसाल, असं धरून चालते. स्वभावच मेला संशयी माझा. पण तो जन्मापासून तसा नव्हता हो – झाला. कसा झाला, तेच सांगायचंय.

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. मी रत्नागिरीत कॉलेजात, एनसीसीत. घर मांडवीला, वडील कचेरीत कारकून. माझ्या जोडीला सुनंदा – लांज्याकडच्या खेड्यातली, वसतिगृहात राहणारी. तिला पोलिसात जायचं होतं. सगळी भिस्त एनसीसीच्या सर्टिफिकेटावर. आणि मला? मला खाकी कपड्यात मिरवायचं होतं, दुसरं काय!

नेमबाजीचा सराव गावाबाहेर कातळावर, एका बंद पडलेल्या चिरेखाणीत चाले. शिकवायला हवालदार होते, साताऱ्याकडचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांचं एकच पालुपद – बंदूक रिकामी आहे असं कुणीही सांगू दे, ती भरलेलीच समजायची. आपण स्वतः बोल्ट – गोळी भरायची ती मागची कडी – ओढायचा, आत डोळ्यांनी बघायचं, मगच दुसरीच्या हवाली करायची. आम्ही त्यांच्या नकला करायचो.

फायरिंग संपलं की प्रत्येकीने बोल्ट उघडून ओरडायचं – ‘रायफल खाली, उस्ताद!’ खाली म्हणजे रिकामी; हुकूम सगळे हिंदीतले. मग उस्ताद वाकून प्रत्येकीच्या बंदुकीत बघत. पण मुली पुष्कळ, ऊन चढलेलं, त्यांची कंबरही दुखायची. वाकणं हळूहळू कमी झालं आणि ओरडणं तेवढं राहिलं. वर्गात हजेरी देतात तसं आम्ही ‘खाली’ ओरडायचो. कुणी बघायचं नाही. बघायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं – हे ध्यानात ठेवा.

त्या दिवशी प्रत्येकीला पाच गोळ्या. एकेक हाताने भरायची आणि झाडायची. माझी चौथी कुठच्या कुठे गेली, मागे मुली फिदीफिदी हसल्या. पाचवी भरली, नेम धरत बसले, आणि शिट्टी झाली. गोळी उरली तर हात वर करून सांगायचं, असा नियम. पण आदल्या खेपेला मी असाच हात वर केला तेव्हा उस्ताद म्हणाले होते, ‘मुहूर्त काढतीस का काय गं?’ तेव्हापासून मुली मला ‘मुहूर्त’च म्हणायला लागल्या होत्या. मी हात वर केला नाही. बोल्ट उघडला नाही. सगळ्यांबरोबर ओरडले – ‘रायफल खाली, उस्ताद!’

विसरले नव्हते हं मी. गोळी आत आहे, हे मला माहीत होतं. उठता उठता हळूच काढीन, असं वाटलं. पण शेजारच्या मुली उठल्या, सुनंदा माझ्या जागी यायला मागे उभीच होती. तिनं विचारलं, “रिकामी आहे ना गो?”

मी म्हटलं, “हो.”

उस्ताद पुढे गेले होते, एक लक्ष्य कलंडलं होतं ते सरळ करायला. सुनंदा सतरंजीवर आडवी झाली, डाव्या मुठीत तिच्या पाच गोळ्या, आणि उजव्या हाताने तिनं बंदूक जवळ ओढली. घोड्याला बोट लागलं आणि बार झाला. उस्ताद मटकन खाली बसले. गोळी पोटरीतून आरपार गेली होती.

माणूस पुढे असताना तिनं बंदुकीला हात लावलाच का? विचाराल तुम्ही. बरोबर आहे, लावायला नको होता. हेच वाक्य मी वर्षानुवर्षं घोकलंय. पण तिनं मला विचारलं होतं ना?

तिच्या मुठीतल्या गोळ्या गवतात सांडल्या. उस्तादांना जीपने नेल्यावर आमच्या एनसीसीच्या मॅडमनी त्या शोधायला लावल्या. चार सापडल्या. रिकाम्या पुंगळ्या तर सगळ्यांच्याच मिसळलेल्या, त्यांचा हिशेब कोण लावतंय? चारच गोळ्या, म्हणजे पाचवी हिनं हुकमाआधीच भरली – झालं, ठरलं.

पाचवी माझ्या बुटाखाली होती.

आधी नुसतं टोचलं. वाटलं, खडा असेल. बघितलं तर पितळ चमकलं. मुली गुडघ्यावर बसून गवत चाचपत होत्या आणि मी – मी पाय उचलला नाही. सगळ्या पांगल्यावर गोळी मोज्यात सरकवली. संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवरून समुद्रात टाकून दिली.

सुनंदाचं नाव कटलं. सर्टिफिकेट गेलं, पोलीस गेलं. पुढे ती गावी अंगणवाडीत लागली. उस्ताद जन्माचे लंगडे झाले.

मी ‘हो’ म्हटलं होतं, हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तिथून माझा संशय सुरू झाला. तिला कळलंय. ती धरून ठेवतेय, वेळ आली की काढील. माझ्या लग्नात आली, तर वाटलं, नवऱ्याच्या कानाशी लागेल. दर वर्षी कोकम पाठवते, तर वाटतं, ही मला खेळवतेय. एकदा म्हणाली, “तुझे बूट अजून तसलेच गो, जड.” त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मी तिचा राग राग केला, खरंच केला. माझ्यामुळे जिचं वाटोळं झालं, तिचाच!

गेल्या महिन्यात तालुक्याच्या कामाला आली तेव्हा माझ्याकडे उतरली. चहा केला तिनंच. गॅस बंद केला, पुन्हा बघितला, दाराशी जाऊन परत आली, पुन्हा बघितला. मग मला म्हणाली, “तू बघ गो एकदा. माझ्या हाताचा मला भरवसा नाही. त्या दिवसापासून नाही.”

मी बशीत चहा ओतला.

“गोळी भरल्याचं मला आठवत नाही,” ती म्हणाली. “अजून नाही आठवत. पण भरलीच असणार ना? तू होतीस जवळ. तू बघितलंस?”

इतकी वर्षं मी तिच्यावर संशय घेत होते. आणि ती स्वतःवर.

तेव्हा तरी सांगायचं होतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “हो. भरली होतीस. मी बघितलं.”

तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला. म्हणाली, “बरं झालं बाई. कोणीतरी बघितलं तरी.”

मग मी उठले आणि तिच्यासाठी गॅस बघितला. बंद होता.