‘नाटक करते’ असं मी म्हणालो होतो

ती केस डोक्यातून जात नाही आणि आठवली की राग येतो. भगतावर येतो, गावावर येतो, सगळ्यात जास्त स्वतःवर येतो.

साक्री तालुक्यात डोंगराकडच्या एका गावातलं कुटुंब. बाप आठवडे बाजारांत लसूण-मिरची विकायचा, आई कांदे लावायला मजुरीने जायची. एकुलती मुलगी, सातवीत. वर्षभरापासून तिला झटके यायचे. डोळे घट्ट मिटून पडायची, हातपाय झाडायची, पाठीची कमान व्हायची. पंधरा-वीस मिनिटांनी थांबलं की रडायची. बापाचे बाजार बुडू लागले. शाळेतून कधी बोलावणं येईल याचा नेम नाही म्हणून आईला कोणी कामावर घेईना. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मेंदूची पट्टी, म्हणजे ईईजी, काढली, ती साफ आली. डॉक्टरांनी लिहून दिलं, ही मिरगी नाही, मानसोपचार विभागात दाखवा. बापाने तो कागद घडी घालून ठेवून दिला. तिथे नेलं तर पोरगी वेडी ठरेल, सोयरीक जमणार नाही. आमच्याकडे एवढा हिशोब सगळ्यांना येतो.

त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मीच. वडील जळगावकडे केळीचे घड डोक्यावर वाहायचे. शिकलो याचा मला अभिमान होता, आजही आहे. मुलांना कायदा समजावायला म्हणून वर्दीतच त्या शाळेत गेलो. वर्गात पाऊल टाकलं आणि ती मुलगी कोसळली.

लॉकअपमधले आरोपी झटक्याचं सोंग घेतात. त्यासाठी आम्हा पोलिसांची एक परीक्षा आहे. पडलेल्याचा हात त्याच्या तोंडावर उचलून धरायचा आणि सोडून द्यायचा. तोंडावर आदळला तर खरं, बाजूला वळला तर सोंग. मी तिचा हात उचलला आणि सोडला. तो बाजूला पडला. बाप धावत आला तोवर दारात निम्मं गाव जमलेलं. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "काही झालेलं नाही हिला. नाटक करते."

तीन आठवड्यांनी गावात घरोघर औषधगोळ्या पोचवणारी आशाताई ठाण्यात आली.

"साहेब, पोरीच्या पोटावर डाग आहेत. विळा तापवून दिलेले. मी मलम घेऊन गेले तर दार लावून घेतलं."

"कोणी दिले?"

"ते तुम्ही विचारा. मला त्या गल्लीत रोज जायचंय."

मुलीला आईसोबत दवाखान्यात पाठवलं आणि बापाला ठाण्यात आणलं. तो म्हणाला, "चूलवर पडनी साहेब."

"चुलीवर पडून पाच डाग एका रांगेत येतात का?"

मी बाकीच्यांना बाहेर काढलं, फक्त जबाब लिहिणारा रायटर ठेवला, चहा मागवला. चहा तसाच राहिला. मग तो बोलला.

"मी शिकेल नई साहेब. भगतनी नारय फोडं, निंबू उतारं, काही फरक पडना नई. मंग तुम्हीनच सांगं, बठ्ठास्ना समोर, पोर नाटक करस म्हनीसन. मी भगतले तेच सांगं. तो म्हने, नाटक शे तर डागच द्यावा लागी."

रायटरचा पेन थांबला. "साहेब, हे वाक्य कशाला घ्यायचं? कोर्टात वकील तुम्हालाच उभं करेल."

"करू दे. लिही."

विळा बापाने तापवला होता, डाग भगताने दिले होते. भगताला त्याच दिवशी उचललं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल केला, बापालाही आरोपी केलं. भगत बाकावर ऐटीत बसला होता. म्हणाला, "साहेब, तुम्ही नाटक म्हणाले, मीही नाटकच म्हणालो. मग मी आत आणि तुम्ही खुर्चीत, हे कसं?"

त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. दिली नाही. लेकराचं पोट जाळणाऱ्या माणसाने मला आपल्या पंगतीत बसवलं होतं आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

धुळ्याला जखमा भरत आल्यावर मुलीला मानसोपचार विभागात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिलंच विचारलं, "ही खोटं करते असं कोणी ठरवलं?"

"मी. हात तोंडावर सोडून पाहिला, तो बाजूला पडला."

"मग नीट ऐका. झटके खरे आहेत. मिरगीत मेंदूत विजेचा गोंधळ होतो, हिच्यात तो नाही. मनावरचा ताण अंगातून बाहेर पडतोय. ते थांबवणं तिच्या हातात नाही. तुमची ती हात सोडायची परीक्षा ठाण्यातच ठेवा."

"ताण कसला?"

"तुमच्या हवालदारबाईंना विचारा. नोंद त्यांनी ठेवली आहे."

दवाखान्यात मुलीजवळ बंदोबस्ताला ठेवलेल्या आमच्या महिला हवालदाराने ठाण्याच्या डायरीसारखी वेळ घालून प्रत्येक झटक्याची नोंद केली होती. ती म्हणाली, "साहेब, पोरगी मला नाही, वर्दीला घाबरते. वर्दीत गेले की पडते. साडीत गेले की माझ्याशी पत्ते खेळते. वर चिडवते, ताई, तुम्हाला पत्ते लपवतासुद्धा येत नाहीत."

वर्दीशी तिची गाठ आधी कधी पडली हे शोधायला मी ठाण्यात येऊन जुनी रजिस्टरं काढली. आकस्मिक मृत्यूच्या रजिस्टरात मी इथे बदलून येण्याआधीची एक नोंद सापडली. मुलीच्या काकूला खरी मिरगी होती. नदीवर धुणं धुताना झटका आला, पाण्यात पडली, गेली. सोबत फक्त ही मुलगी. आमच्या अंमलदाराने तिला ठाण्यात आणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं होतं. आईला विचारलं तर म्हणाली, एकच प्रश्न विचारत होते, तू काकूला धरलं का नाहीस? त्याच आठवड्यात पहिला झटका आला. इतक्या लहान मुलाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, हे कायद्यात आहे. ते वाचून आम्ही परीक्षा पास होतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, एकच कारण धरून बसू नका, पण याचा उपयोग होईल. मी साधा शर्ट घालून मुलीसमोर बसलो. काकूच्या मरणात तुझा दोष नाही, हे पोलीस म्हणून सांगतो, असं म्हणालो. तुला नाटकी म्हणालो ते चुकलं, हेही सांगितलं.

तिने विचारलं, "हे तुम्ही गावात सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच शाळेच्या दारात लोक जमवले आणि माझी चूक होती, पोरगी खरी आजारी आहे, असं बोललो. मागून एकजण म्हणाला, "साहेबले बी डाग द्यावा लागी मंग." कोणी हसलं नाही. मी त्याला गप्प केलं नाही.

चुकीचं निदान अडाणी माणूस करतो असं मी समजत होतो. माझ्या पदवीचा आणि वर्दीचा वापर बापाने विळा तापवायला केला. मी न बोलता डॉक्टरांचा कागद मागितला असता तर पुरलं असतं.

खटल्यात वकिलाने मला खरंच उभं केलं. मी ते वाक्य कबूल केलं. भगताला शिक्षा झाली, बापाला कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. उपचार वर्षभर चालले. झटके आधी कमी झाले, मग थांबले. मुलगी दहावी पास झाली आणि साक्रीच्या कॉलेजात अकरावीला गेली.