खालचा अर्धा दोर

होडीत पाय ठेवायच्या आधी आईने माझ्या हातात पितळेचा तांब्या दिला. तोंडाला धुवट चिंधी बांधलेली, आत घरच्या विहिरीचं पाणी. "ह्या थयसर जायपर्यंत पुरात," ती म्हणाली. "मगे कोणी पाणी दिल्यान तर आदी आडनाव इचार. सुका कायव घे, ओला घेव नको." बाबा माझी पत्र्याची ट्रंक गुडघ्यांत धरून आधीच बसले होते. होडी तोंडवलीच्या किनाऱ्यावरून सुटली आणि मी मागे वळून पाहिलं, तर आई निघूनही गेली होती. नारळाची सोडणं तिने खाडीच्या चिखलात कुजायला पुरली होती, ती उकरायचा तो दिवस होता. हात हलवत उभं राहणं आमच्या घरात कुणाला जमलं नाही. मला मात्र तेव्हा तिचा फार राग आला.

तुम्ही जे तोंडवलीत राहिलात आणि जे माझ्यासारखे कुठे कुठे पांगलात, त्या तुम्हा सगळ्यांना हे दोरप्रकरण सांगायचं कितीदा मनात आलं. प्रत्येक वेळी मी मूग गिळून बसले, कारण त्यात माझीच अब्रू जाते. पण आता वय झालं. इथे मस्कतच्या फ्लॅटमध्ये पाण्याची पाच गॅलनची बाटली खांद्यावरून आणून एक माणूस डिस्पेन्सरवर उलटी ठेवतो. तो बांगलादेशचा आहे एवढंच मला ठाऊक आहे. ती बाटली गुडगुडली की मला वसतिगृहाची विहीर आठवते.

ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं होती. जिल्हा नवा होता, कॉलेजही नवंच होतं. मुलींच्या वसतिगृहामागच्या विहिरीवर रहाट एकच होता, पण दोर दोन. एक जाड, रहाटावरचा. दुसरा कठड्याच्या खुंटीला अडकवलेला, जुना, कुसळं निघालेला. तो शारदा वापरायची. ती वालावलकडच्या बौद्धवाडीतली. दोन दोरांचा नियम कुणी केला होता, कुणालाच सांगता आलं नसतं. पहिल्या दिवशी मला कुणी काही सांगितलं नाही आणि मीही न विचारता जाड दोराला हात घातला.

आमच्या रेक्टर बाईंना मात्र ते दिसलं. त्या भाषण देणाऱ्यातल्या नव्हत्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी सगळ्यांना अंगणात बसवलं आणि सांगितलं, की प्रत्येक गटाने कॉलेजसाठी हाताने एक वस्तू करायची, आणि गट चिठ्ठ्या टाकून पडतील. कुणाला कट्टा बांधायचा आला, कुणाला परसबाग. माझ्या चिठ्ठीत निघाली शारदा आणि मालवणची फिलोमिना. आमचं काम होतं विहिरीसाठी नवा दोर. "एकच," बाई म्हणाल्या, आणि आतून कात्री आणून त्यांनी दोन्ही जुने दोर सगळ्यांसमोर कापून टाकले. तोवर पाणी नळाच्या टाकीतून, अर्धी अर्धी बादली मिळेल.

काथ्याचं काम आईकडून शिकलेली मी एकटी, म्हणजे गटाची मुकादम मीच. पण मला आत्याची भीती होती. ती कॉलेजच्या गावातच राहायची, आणि शारदाबरोबर एकच दोर हे तिच्या कानावर गेलं की ते तोंडवलीला पोचायला एक एसटी पुरेशी होती. आईने मला परत नेलं असतं. आमच्या वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, आणि परत नेलेली मुलगी दुसऱ्यांदा कोणी पाठवत नाही.

मग मी एक शहाणपणा केला. दोर वळायची रीत अशी, की तीन पदर सबंध लांबीचे वळायचे आणि तिघांनी मिळून ते एकमेकांत घालायचे. मी म्हटलं, लांबी फार आहे, दोन तुकड्यांत करू. वरचा अर्धा तुम्ही दोघी वळा, खालचा मी, मधे मी सांधा घालते. सांधा घालायला गलबतावर काम करणाऱ्या बाबांनी शिकवलं होतं. खरं कारण माझ्या पोटात होतं. खालचा अर्धा पाण्यात जाणार, तो ओला, म्हणून तो फक्त माझ्याच हातचा. वरचा कोरडाच राहणार. आईचा नियमही मोडत नव्हता आणि बाईंचाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

शारदा काथ्या पिंजत होती. मान वर न करता तिने विचारलं, "खालचो अर्धो तुझो काय गो?"

मी हो म्हटलं. ती पिंजतच राहिली. तिला सगळं समजलं होतं, आणि ते समजलंय हे मलाही समजलं होतं. तरी आम्ही आठ दिवस समोरासमोर बसून दोर वळला.

ज्या सकाळी दोर रहाटावर चढायचा, त्याच सकाळी बाबा फाटकात उभे. गलबतावरून नुकतेच घरी आलेले, आत्याचा निरोप आईने सांगताच थेट इकडे. "सामान बांद," एवढंच म्हणाले. "आवशीन बोलावल्यान." आईचा शब्द म्हणून मी ट्रंक भरायला वळले तोच विहिरीकडून कळशी आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ ओरडा.

पहिली कळशी शारदाने ओढायची, असं बाईंनी ठरवलं होतं. भरलेली कळशी अर्ध्यावर आली आणि सांधा सुटला. खालचा अर्धा कळशीसकट पाण्यात गेला, आणि जोर लावून ओढणारी शारदा मागच्या मागे चिऱ्यांवर आदळली. कोपर फुटलं होतं. पांढरं हाड दिसेल की काय असं वाटून मला तिच्याकडे बघवेना. जमलेल्या मुलींतून कुणीतरी म्हणालं, "हिच्याच हातात तुटायचा होता." आणखी दोघींनी माना हलवल्या. मी गप्प होते. गप्प राहिले असते तर ट्रंक घेऊन त्याच दिवशी घरी गेले असते आणि दोष तिच्यावर राहिला असता.

बाबांनी आधी खांद्यावरचा पंचा काढून शारदाच्या कोपराला घट्ट बांधला. "खूप लागला गो?" विचारलं. मग रहाटावर लोंबकळणारा दोर ओढून घेतला आणि त्याचं सुटलेलं टोक बोटांनी चाचपलं. आयुष्य दोरांवर काढलेला माणूस तो.

"ह्यो सांधो माझ्या घरचो," ते म्हणाले. "पण कच्चो. नव्या दोराक सांधो घालतत काय? कोणी घातल्यान?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. शारदाही. ती सांगू शकली असती, पण तिने सांगितलं नाही. मला वाटतं, ती माझी वाट बघत होती.

"मी घातलंय," मी म्हटलं.

"कित्याक?"

का, ते सांगायची गरज पडली नाही. बाबांनी हातातल्या कोरड्या टोकाकडे पाहिलं, मग वाकून खाली विहिरीत. ओल्याचा आणि सुक्याचा नियम त्यांच्याही घरचाच होता. त्यांचा चेहरा उतरला. मला मारलं असतं तर बरं झालं असतं, इतका तो उतरला.

फिलोमिनाने त्यांना टाकीतलं पाणी आणून दिलं. त्यांनी त्यात हात धुतले, प्यायले मात्र नाहीत. फाटकाशी येऊन म्हणाले, "काथो धाडतंय. सबंद वळा. तुझ्या आवशीक ह्यातला काय सांगा नको." आणि मला न घेता गेले.

पुढच्या आठवड्यात एसटीच्या कंडक्टरने काथ्याचा एक भला मोठा भारा आणून टाकला. नीट कुजवलेला, झोडपून मऊ केलेला. आम्ही तिघींनी सबंध लांबीचे तीन पदर वळले. शारदाचा हात बांधलेला, म्हणून ती एका हाताने पीळ धरायची आणि मी मागे मागे सरकत जायचे. त्या दिवसांत कधीतरी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आदी पीळ बघ, सुटता हा." दोर चढला त्या दिवशी पहिली कळशी मी ओढली आणि तिथेच ओंजळीने प्यायले. काही झालं नाही. इतक्या साध्या गोष्टीला मी इतकी घाबरले होते, याची लाज अजून वाटते.

बी.ए. झालं, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी मस्कत आलं. शारदा शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका होऊन निवृत्तही झाली. एकदा ती माझ्याबरोबर तोंडवलीला आली होती. आईने तिला चहा दिला, घरातल्याच कपात, पण पडवीत. सांध्याचं आईला काही ठाऊक नाही, असं धरून मी गप्प बसले. शारदाने चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला. तो कप मला आजही टोचतो.

बाबा गेल्यानंतरच्या वर्षी मी गावी गेले होते. आई लसूण सोलत बसली होती. बोलता बोलता मी दोराचं सगळं सांगून टाकलं. तिने मान वर केली नाही.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीन त्याच दिसाक सांगल्यान. तो भारो कोणी बांदलो असा वाटता तुका? एकट्या तुका येवढो काथो कित्याक होयो? तिघींचो दोर म्हणान धाडलंय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू खंय बोललंस?"

मस्कतला परतताना ते तीन शब्द माझ्याबरोबरच आले. ज्या घरापासून मी एक गोष्ट लपवली, त्या घराने ती माझ्यासाठी काथ्यात बांधून पाठवली होती, आणि तरीही शारदाला पडवीतच बसवलं होतं. दोन्ही खरं आहे. माझं घर म्हणजे हे दोन्ही, आणि त्यातलं एक निवडून दुसरं टाकणं मला जमत नाही.

येत्या मे महिन्यात शारदा आणि मी तोंडवलीला जाणार आहोत. परवा आईला फोन केला. म्हटलं, "आई, ह्या खेपेक शारदा आत बसतली. आपल्याबरोबर जेवतली."

पलीकडून भांडी सरकवल्याचा आवाज आला.

मग आई म्हणाली, "म्हणजे पाट तीन मांडूचे लागतले."