पऱ्हाटीचे झेंडे

गावाला प्यायचं पाणी मिळावं म्हणून आमच्या पक्षाचा आर्वीला मोर्चा जायचा होता. रोहण्यातले सगळे झेंडे मी माझ्या मशीनवर शिवले होते आणि त्यांना लावायला वेळूच्या काठ्या आणून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी सकाळीच पोलीस ठाण्याचा जमादार आला. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, पण त्याला ते कोणी कळवलेलं दिसत नव्हतं.

"शांततेचा मोर्चा म्हनता, मंग काठ्या काऊन?" म्हणत त्यानं त्या सगळ्या उचलून नेल्या.

आमचे गावचे अध्यक्ष लगेच नरमले. "जाऊ द्या बाई, बिनझेंड्याचंच जाऊ. हात जोडून चालू."

माझं डोकंच फिरलं. हात जोडायचे तर देवळात जोडा! मी तडक घरामागे गेले. कापूस निघाला की उपटून वाळवलेली पऱ्हाटी आमच्याकडे घरोघरी चुलीसाठी रचलेली असते. शेजारच्या बायांना हाका मारल्या, सरळ सरळ काड्या निवडल्या आणि दुपारपर्यंत सगळे झेंडे पऱ्हाटीवर चढवले.

संध्याकाळी जमादार काखेत लाठी धरून पुन्हा हजर. त्यानं एक झेंडा उचलून काडी वाकवून पाहिली. ती कटकन मोडली. तो हसला. "हे कोनाले लागन, बाई?"

"कोनालेच नाई लागत," मी म्हटलं. "म्हनून तं घेतली. आता तुमच्या काखेतली लाठी मोडून दाखवा."