आरोपीच्या पिंजऱ्यातला रविवार

मी मूळचा भित्रा. वकिली करणाऱ्यानं हे कबूल करू नये, पण आता वय झालं, अशील पळून जाईल ही धास्ती उरली नाही.

दुर्गच्या कोर्टात मी तेव्हा नवा होतो. भिलाईचा कारखाना अजून उभा राहत होता आणि आमच्याकडे येणारे खटले म्हणजे कारखान्यात गेलेल्या जमिनींचे, नाहीतर त्यांच्या भरपाईवरून भावाभावांत जुंपलेल्या भांडणांचे. अशात बाररूममधल्या ज्येष्ठांनी फर्मान काढलं की कॉपीराइटचा नवा कायदा आलाय, तेव्हा सगळ्या वकिलांनी रविवारी अभ्यासवर्गाला यायचं. शिकवायला नागपूरहून एक म्हातारे वकील येणार होते. सगळ्यांनी नाकं मुरडली. दुर्गात पुस्तक लिहितो कोण? इथे माणूस साधा अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतो! पण ज्येष्ठांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती, माझी तर नव्हतीच.

पहिला रविवार उजाडला. म्हाताऱ्या वकिलांनी सुरुवात शिक्षेच्या कलमापासून केली. वकील शिक्षा ऐकल्याशिवाय जागा होत नाही, असं त्यांचं मत. लेखकाला न विचारता त्याचं नाटक लोकांपुढे करणं म्हणजे त्याच्या हक्काचा भंग, आणि जाणूनबुजून केलं तर तुरुंगसुद्धा. बाकीचे जांभया देत होते. मला मात्र डोळ्यांपुढे कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरातला गणपतीचा मांडव दिसायला लागला.

मी भिलाईत माझ्या थोरल्या भावाच्या क्वार्टरमध्ये राहायचो. त्याला मी भाऊच म्हणायचो. बाप गेल्यावर त्यानंच मला भंडाऱ्याकडच्या गावातून उचललं, शिकवलं, वकील केलं. तो कारखान्यात क्रेन चालवायचा. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, आणि पोलिसांत नाव गेलं की माणूस गेटबाहेर, हे सगळ्या क्वार्टरांना ठाऊक होतं. आणि हाच माणूस गणपतीत नाटक बसवायचा. नागपूरहून छापील पुस्तक आणायचं, कामं वाटायची, ड्यूटी सुटली की तालीम. लेखकाला विचारायचं असतं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

घरी येऊन मी भाऊला सगळं सांगितलं. तो मोठ्यानं हसला.

“पुस्तक इकत घेतलं ना आपन? मंग नाटक आपलंच झालं.”

“तसं नसते भाऊ. पुस्तक आपलं, नाटक लेखकाचं.”

“गाय इकत घेतली तर दूध काय जुन्या मालकाचं?”

कलम मला पाठ होतं, पण त्यात गाय नव्हती.

“भेकड रे तू,” भाऊ म्हणाला. “वकील झाला तरी भेकडच राहिला.”

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. नाटकात माझं काम प्रॉम्प्टिंगचं. तालमीत पुस्तक धरून बसलो की अक्षरं नाचायची. बाहेर खाकी कपडा दिसला की मी पुस्तक मांडीखाली सरकवायचो, आणि कारखान्याच्या प्रत्येक वॉचमनच्या अंगात खाकीच! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. कायद्याचं पुस्तक उघडून पुढचं काही वाचावं म्हटलं, तर आमच्याकडे ते पुस्तकच नव्हतं. एकुलती एक प्रत म्हातारे वकील सोबत घेऊन गेले होते.

दुसरा वर्ग ज्या रविवारी होता, त्याच संध्याकाळी आमचं नाटक होतं. भाऊ दाढीमिशा आणि टोप आणायला दुर्गला येणार आणि जाताना मला कोर्टातून सोबत घेणार, असं ठरलं होतं.

त्या दिवशी वर्ग खुद्द कोर्टाच्या खोलीत भरला. जज्जसाहेबांची परवानगी काढून म्हातारे वकील वर त्यांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “आज खटला चालवू. खोटा, पण रीतसर.” दोघा वकिलांना त्यांनी सरकार पक्ष आणि बचाव वाटून दिले. मग बोट माझ्याकडे वळलं. “तुम्ही आरोपी. चढा पिंजऱ्यात. बाहेर उभं राहून कायदा अर्धाच कळतो.”

आणि आरोप काय? गणेशोत्सवात लेखकाच्या परवानगीविना नाटक केलं!

चोराच्या मनात चांदणं. ह्यांना कुणीतरी सांगितलंय, हे सगळं सोंग मला पकडण्यासाठीच आहे, अशी माझी खात्री झाली. त्या पिंजऱ्याचा कठडा मी रोज बाहेरून पाहायचो. आतून तो छातीपर्यंत येतो.

“नाटक कुठे झालं?” सरकार पक्षाच्या वकिलानं हिंदीत दरडावलं.

“भिलाईत,” मी बोलून गेलो. काहीही सांगता आलं असतं, पण सुचलं नाही.

“बसवलं कुणी?”

जिभेवर भाऊचंच नाव आलं आणि मी दात घट्ट आवळले. सगळे माझ्याकडे बघत होते. खोटा खटला, खोटा वकील, एखादं खोटं नाव घ्यायला काय जात होतं? पण भीतीला एवढी अक्कल कुठली.

“मी,” मी म्हणालो. “मी बसवलं.”

“नाही साहेब!”

खोलीच्या दारातून आवाज आला. भाऊ उभा होता, काखेत गाठोडं, त्यातून दाढीचे केस बाहेर आलेले. तो कधीपासून ऐकत होता देव जाणे.

“हा खोटं बोलून राहिला साहेब. नाटक मी बसवलं. हा निस्ता पुस्तक धरून बसते. याले सोडा, मले पकडा.”

वकील मंडळी खो खो हसली. म्हाताऱ्या वकिलांनी हात वर केला तशी गप्प झाली. ते हसले नव्हते.

“पुढे या. तिकीट लावता?”

“गनपतीपुढं कायचं तिकीट, साहेब? ज्याले याचं तो येते.”

“काम करणाऱ्यांना काय देता?”

“चाय.”

“मंडळी कोण?”

“समदे कारखान्यातले. हौस म्हनून करतो.”

म्हाताऱ्यांनी पुस्तकाची पानं उलटली आणि कलम वाचलं, मग भाऊसाठी मराठीत सांगितलं की हौशी मंडळींनी प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेलं नाटक या कायद्यात गुन्हा होत नाही. “दोघेही निर्दोष. जा.” त्यांचा आवाज खऱ्या निकालासारखा होता. मी मागच्या रविवारी ऐकलेल्या अर्ध्या कायद्यावर आठवडाभर मरत होतो.

कोर्टाच्या फाटकाबाहेर आलो. भाऊ सायकल हातात धरून चालत होता, चढत नव्हता. मी म्हणालो, “भाऊ, ते खरं कोर्ट नव्हतं. वकिलांची शाळा होती. खोटा खटला.”

तो थांबला. माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता हाणतो.

“मंग माये पाय कावून थरथरून राहिले अजून?” तो म्हणाला.

भाऊ घाबरलेला मी तोवर पाहिला नव्हता.

“कशाला बोललास मग?” मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी चिडलो. “नोकरी गेली असती ना!”

“गेली असंच धरून बोललो. क्रेन कुठं बी भेटते,” त्यानं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि सायकलवर टांग टाकली. “तुयी वकिलीची सनद गेली असती तं दुसरी कोन देनार होतं? बस मागं. नाटकाले उशीर होऊन राहिला.”