चीज ओढणारा हात

खाण्यावर लिहिणाऱ्या आम्हा तिघांमध्ये हात नेहमी माझा असायचा. मिसळीत पाव बुडवणारा हात, डोशाचा कुरकुरीत कोपरा मोडणारा हात, पुरणपोळीवर तुपाची धार सोडणारा हात. आमच्या ठाण्याच्या मित्राचे हात कॅमेऱ्यात पहिलवानाचे दिसतात. कल्याणची मैत्रीण उत्तम फोटो काढते, त्यामुळे मोबाइल धरायला तीच लागते. राहिले मी. पंचवीस वर्षं ठाण्यातल्या कचेरीत फायलींवर शेरे मारून माझा हात स्थिर झाला असावा. मनगटावर दोन हिरव्या काचेच्या बांगड्या आणि अंगठ्याच्या मुळाशी तव्याने भाजल्याचा वालाच्या दाण्याएवढा डाग. तिघांच्याही पेजवर हा हात इतक्यांदा दिसलाय, की वाचक माझा चेहरा ओळखत नाहीत, पण हात ओळखतात. मला त्याचा थोडा गर्व होता, हे कबूल करते.

माझा एक नियमही होता आणि त्यावरून दोघं मला हेडमास्तरीण म्हणायची. दोनदा खाल्ल्याशिवाय वाईट लिहायचं नाही. पहिल्यांदा बिघडलेलं वाटलं तर करणाऱ्याला बाजूला घेऊन सांगायचं आणि महिन्याभराने परत जायचं. स्वयंपाकघरात वाईट दिवस कुणाला चुकलाय? माझ्या हातच्या मोदकांच्या कळ्या फुटून सारण मोदकपात्रात सांडलंय, तेही घरी व्याही जेवायला आलेले असताना. आपण खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं, मी म्हणायचे, निदान दोनदा तरी मोजू या. दोघं हसायची, पण नियम पाळायची.

मैत्रिणीबद्दल जरा सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती विठ्ठलवाडीच्या बाजूला राहते. मला एकदा ताप आला आणि त्यानंतर तीन महिने कसलाच वास येईना. फोडणी जळली तरी धूर बघून कळायचं. चव म्हणजे फक्त खारट आणि गोड, तेही अंधुक. खाण्यावर लिहिणाऱ्या बाईचं नाकच गेलं, हे मी नवऱ्याला आणि हिला सोडून कुणालाही सांगितलं नाही. त्या तीन महिन्यांत ही प्रत्येक ठिकाणी माझ्या शेजारी बसली. घास घ्यायची आणि हळूच सांगायची, "धणे जास्त झालेत, मागाहून लवंग येतेय." मी ते माझ्या शब्दांत लिहायचे. वाचकांना मी तेव्हा फसवलंच. पण तिने ते गुपित आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. जी माझं नाक झाली, तिच्यावर विश्वास ठेवायला मला वेगळं कारण नको होतं.

आता पिझ्झावाली. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. लहानपणी तिची आई कामावरून येईपर्यंत ती माझ्याकडे बसायची आणि कणकेच्या गोळ्याची चिमणी करायची. मोठी होऊन इंजिनिअर झाली, नोकरी केली आणि एक दिवस ती सोडून कुठल्याशा हॉटेलच्या भटारखान्यात पिझ्झा शिकायला लागली. दोन वर्षांनी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, औषधांचं दुकान आणि फरसाणवाला यांच्या मध्ये, तिने सहा टेबलांचं इटालियन हॉटेल काढलं. दगडी तळाची भट्टी आणली. पीठ दोन दिवस फ्रिजमध्ये मुरवायची. तिचे बाबा बिल्डिंगभर सांगत फिरायचे, "एवढा खर्च करून इंजिनिअर केली, आता पाव भाजते." ते दुकानात पाऊलही टाकत नव्हते.

पिझ्झावर घालायची बेझिल तिने कुंड्यांत लावली होती. आमच्या तुळशीची ही परदेशातली चुलत बहीण. तिच्या घराला ऊन नाही म्हणून पाच कुंड्या माझ्या गॅलरीत ठेवल्या होत्या. पाणी मी घालायचे, पानं ती रोज सकाळी येऊन खुडून न्यायची. अशीच एकदा पानं खुडताना म्हणाली, "काकू, तुमच्या ग्रुपला घेऊन या ना एकदा. कुणी लिहिलं तर बाबांना पण जरा पटेल."

म्हणून आम्ही तिघं गेलो. शनिवारची संध्याकाळ होती, गर्दी व्हायच्या आत. आत शिरले आणि बघते तर कोपऱ्यातल्या टेबलावर तिचे बाबा. पहिल्यांदाच आलेले. इस्त्रीचा शर्ट, समोर पाण्याचा ग्लास, हातात मेनूकार्ड उलटसुलट करत. मला बघून म्हणाले, "म्हटलं, आज तुम्ही मोठी माणसं येणार, तर बघावं तरी." पोरगी भट्टीपाशी उभी होती आणि कोरडेच हात पुन्हापुन्हा एप्रनला पुसत होती.

पिझ्झा आला. आमच्यात खाण्याआधी फोटो असतात, त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत मी बाहेर गरम घास म्हणून खाल्लेला नाही. मैत्रिणीने मोबाइल छोट्या स्टँडवर बसवला आणि मला खूण केली. मी एक तुकडा उचलला. "वर घे. अजून वर. थांब, थांब, तार तुटू देऊ नकोस." चीजची तार लांबली, बारीक झाली, लोंबली. आणि माझ्या लक्षात आलं, की तुकड्याचं टोक ओल्या पापडासारखं खाली वाकलंय आणि त्यातून पाणी ओघळून माझ्या बांगड्यांवर येतंय.

खाल्ला. कडा सुरेख होत्या, मध्ये मात्र पीठ दाताला चिकटत होतं. ठाण्याच्या मित्राने गुपचूप टोमॅटो सॉस मागवला, त्यावरूनच काय ते कळलं.

ती टेबलाशी आली. "काकू, कसा झालाय?"

मागे चार हातांवर तिचे बाबा कान देऊन बसलेले. मी म्हणाले, "छान झालाय गं."

मैत्रीण म्हणाली, "अप्रतिम! इटलीत बसून खातेय असं वाटलं." आमची ही विमानात बसलीय ती फक्त गोव्यापर्यंत. पण पोरीचा चेहरा उजळला आणि तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली.

ती भट्टीकडे गेल्यावर मैत्रिणीला चीजच्या तारेचा दुसरा टेक हवा झाला. मी पुन्हा तुकडा उचलला आणि हात हवेत धरून तिला हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू? मध्ये कच्चा आहे. आमच्याकडे अशी भाकरी झाली तर गाईला घालतात. पण हे इथेच राहू दे. आज तिचे बाबा आलेत. मी उद्या तिला एकटीला सांगते, ताज्या चीजचं पाणी आधी निथळून घे म्हणावं. पोरीचा हात चांगला आहे, महिन्याभरात बघ."

"हो गं, मला काय सांगतेस," ती म्हणाली.

इथे आमच्या धंद्यातली एक सवय सांगायला हवी. आमच्या सगळ्या रीलवर गाणं असतं. मूळ आवाज कुणी ठेवतच नाही. त्यामुळे हात कॅमेऱ्यात असला तरी तोंड मोकळं, असं आम्ही धरून चालतो. हात मोगऱ्याच्या गजऱ्यासारखा नाजूक धरायचा आणि तोंडाने सासूच्या कागाळ्या करायच्या, हे वर्षानुवर्षं चाललेलं. समोरचा मोबाइल मला मिठाच्या डबीइतकाच दिसायचा.

रविवारी मी पोरीला सांगणार होते. पण सकाळीच नणंदेकडून निरोप आला, तिच्या सासूबाई पडल्या होत्या, आणि मी दिवसभर कळव्याला अडकले. सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मोबाइल पुढे केला. "मॅडम, हा तुमचा हात ना?"

माझाच हात होता. बांगड्या, डाग, लोंबणारी तार. वर अक्षरं होती, 'डोंबिवलीतल्या नव्या पिझ्झाचं सत्य, एका खवय्या काकूंच्या तोंडून.' आणि गाणं नव्हतं. माझा आवाज होता. "खरं सांगू? मध्ये कच्चा आहे. आमच्याकडे अशी भाकरी झाली तर गाईला घालतात." त्यापुढे गाईचं हंबरणं आणि लोकांच्या हसण्याचा आवाज. संपलं. मग आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझा 'पण' कुठेच नव्हता.

डबा तसाच बंद केला आणि जिन्यात जाऊन मैत्रिणीला फोन लावला.

"अगं, नाव कुठे टाकलंय तुझं?" ती म्हणाली. "चेहरा तरी आहे का त्यात? हॉटेलचं पण नाव नाही टाकलेलं."

"डोंबिवलीत दगडी भट्टीची अशी किती हॉटेलं आहेत? आणि पुढचं वाक्य का कापलंस?"

ती अगदी सरळ म्हणाली, "तिथे मजा संपते गं."

मी म्हणाले, "तू केसाने गळा कापलास माझा." जिन्यात वर-खाली जाणारे लोक बघत होते, बघू देत. मी मूळ क्लिप मागितली, निदान ती पोरीला दाखवता आली असती. ती म्हणाली, फोनमध्ये जागा नव्हती, उडवली. मग म्हणाली, "चिडू नकोस ना. एवढ्या लोकांनी माझं काही पहिल्यांदाच बघितलंय गं. माझ्या जावेने पण बघितलं." तिचा आवाज इतका आनंदाचा होता, की मी फोन ठेवून दिला. भांडली असती तर बरं झालं असतं. मला दुखावलंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी ती खूश होती.

ठाण्याच्या मित्राने त्या रीलवर हसरा चेहरा टाकला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "यार, तुमचं दोघींचं तुम्ही बघून घ्या ना."

दोन दिवसांनी मैत्रिणीने ते काढून टाकलं. पण तोवर ते आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर येऊन गेलं होतं आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हा तर आपल्या काकूंचा आवाज!' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझ्या वाट्याला असं आलं.

बुधवारी सकाळी पिझ्झावाली आली. पानं खुडायला नव्हे. दोन कापडी पिशव्या घेऊन. "काकू, कुंड्या नेते. दुकानाच्या मागे जागा केलीय."

मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. पुढचं वाक्य, त्यापुढचं वाक्य, पाणी निथळायचं, तिचा हात चांगला आहे म्हणाले ते, सगळं. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं, की सापडलेला माणूस असाच बोलतो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तोंड उतरलेलं होतं, पण ती रडली नाही.

"असेल काकू," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालाही असाल. पण मी तुम्हाला समोर उभी राहून विचारलेलं ना? तेव्हा तुम्ही छान म्हणालात."

"तुझे बाबा बसले होते गं."

"ते परत आले नाहीत," ती म्हणाली आणि कुंड्या उचलायला गॅलरीत गेली. एका फेरीत दोनच जमत होत्या. मी पाचवी कुंडी घेऊन तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले, तर म्हणाली, "असू द्या, मी येते परत."

मला मैत्रिणीचा राग आहे आणि तो जाणार नाही. माझं तोंड, माझा हात, आणि त्यांतून तिने मला न विचारता कापून काढलेला एक तुकडा. तीन महिने जिने मला प्रत्येक घासाची पूर्ण चव सांगितली, लवंगसुद्धा गाळली नाही, तिने माझं अर्धं वाक्य गाळलं. हे मी अनेकदा घोळवून बघितलं, तरी ते माझ्या घशाखाली उतरत नाही. मधे तिचा मेसेज आला होता, 'रविवारी ठाण्यात नवीन जागा आहे, येशील ना? हात लागेल.' मी उत्तर दिलं नाही.

महिना झाल्यावर मी नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा गेले. एकटी. मोबाइल पर्समधून काढलाच नाही. चारच्या सुमारास दुकान रिकामं होतं, औषधांच्या दुकानातल्या पंख्याचा आवाज येत होता. ती स्वतः पिझ्झा घेऊन आली आणि जरा लांब उभी राहिली. कितीतरी वर्षांनी मी बाहेर गरम घास खाल्ला. तुकडा उचलला तर टोक सरळ राहिलं. खालून करपट ठिपके, नीट भाजलेल्या भाकरीला येतात तसे. मध्ये हलका, कोरडा, चीजला दुधाचा गोडवा, वर माझ्या गॅलरीतून गेलेल्या बेझिलचा वास. नाक परत आल्यापासून इतका चांगला घास मी खाल्ला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं.

"छान झालाय," मी म्हणाले. ती बघत राहिली. "अगं, खरंच छान झालाय." तो 'खरंच' तोंडातून निघाला आणि सगळं बिघडलं, हे मला तिथल्या तिथे कळलं.

"थँक यू, काकू," ती हसून म्हणाली. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मग तिने माझ्या ताटलीतला एक तुकडा उचलला, मधोमध मोडला आणि स्वतः खाऊन बघितला.