साडू डॉक्टरांची तारेची भाषा

समस्त मावळ तालुक्यातील आजी, माजी आणि भावी रुग्णांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, लोणावळ्यात दवाखाना चालवणारे माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांनी डॉक्टर झाल्यापासून एकही वाक्य पूर्ण केलेलं नाही आणि यापुढेही करण्याचा त्यांचा इरादा नाही.

डॉक्टर मंडळी आपापसात तुटक बोलतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बाकीचे डॉक्टर घरी आल्यावर बूट काढतात तशी ती भाषाही दाराशी काढून ठेवतात. आमचे साडू ती घालूनच झोपतात. वडगावच्या एका लग्नात त्यांनी नवरीच्या वडिलांशी माझी ओळख करून दिली ती अशी : "मेल, पंचावन्न, बीपी, गोळ्या अनियमित. साडू." त्या सद्गृहस्थांनी मला ताबडतोब खुर्ची दिली आणि पंगतीत माझ्या पानात मीठ वाढू दिलं नाही. घरी ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, भाजी कशी झालीय विचारलं, की उत्तर "स्टेबल." नवा जावई कसा वाटला, तर "ऑब्झर्व्ह करू." दवाखान्यात पेशंट हे सगळं हात जोडून ऐकतो आणि बाहेर येऊन औषधांच्या खिडकीत बसलेल्या ताईंना हळूच विचारतो, "मावशी, काय म्हनलं वो डाक्टर?" ताई शांतपणे सांगतात : भात कमी, तंबाखू बंद, आणि घाबरायचं काही नाही. यातलं शेवटचं डॉक्टर म्हणालेले नसतात.

त्यांना सुधारायचा विडा मी बरीच वर्षं उचलून धरला होता. एक अख्खं वाक्य बोला, तुम्हाला मटणाचं जेवण घालतो, असं आमिषही दाखवून पाहिलं. "नो इंडिकेशन," ते म्हणाले; म्हणजे, गरज नाही.

मग एकदा डोंगरातल्या वाडीवरच्या एका आबांना छातीत कळ आली. मी नेमका दवाखान्यातच होतो. साडूंनी पुढच्या मोठ्या इस्पितळात फोन लावला : "सिक्स्टी, मेल. एमआय. लोडेड. निघाला." पलीकडून "ओके" आलं आणि फोन बंद. साठीचे गृहस्थ, हृदयविकाराचा झटका, औषधांचा पहिला मोठा डोस दिलाय, गाडी सुटली. एवढं सगळं त्यात मावलं होतं. मी हेच सांगायला बसलो असतो, तर गाडी उर्से टोलनाक्यावर पोचली तरी माझं 'नमस्कार, कसं काय' चाललं असतं. बरे झाल्यावर आबा मुद्दाम मला सांगत होते, "काय बोललं ते न्हाई कळलं, पर म्या पोचायच्या आदी तितं समदी हुबी!" त्या दिवशी मी शस्त्रं खाली ठेवली. साडूंनी माझा पराभव तीन शब्दांत नोंदवला : "वाक्य म्हणजे डिले."

गेल्या हिवाळ्यात ताई तुंगार्लीच्या घरी गच्चीच्या जिन्यावरून पडल्या. सुरुवातीला हसत होत्या. दुपारी त्यांची जीभ जड झाली, शब्द सापडेनात. साडूंनी त्याच इस्पितळात फोन केला, त्याच आवाजात : "फीमेल, अठ्ठावन्न. हेड इंज्युरी. ड्राउझी. निघालो." बायको आहे, हे सांगितलंच नाही. बहुधा त्याला शॉर्ट फॉर्म नसावा.

ऑपरेशन चालू असताना ते भिंतीशी उभे राहिले. बसा म्हटलं, बसले नाहीत. चहा आणला, तो गार झाला. शेवटी सर्जन बाहेर आला. कॉलेजातला त्यांचा जुना दोस्त; तोही याच शाळेतला. "एसडीएच क्लिअर. प्युपिल्स इक्वल. व्हायटल्स स्टेबल." इतक्या वर्षांच्या सहवासाने मलासुद्धा कळलं की मेंदूवर साचलेलं रक्त काढलंय, डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत, नाडी जागेवर आहे. मी भिंतीला टेकलो. साडू मात्र हटेनात. "ब्लीडिंग?" "कंट्रोल्ड." "बीपी?" "नॉर्मल." "सोडियम?" "ओके." विचारण्यासारखं सगळं विचारून झालं. सर्जन आत जायला वळला. साडूंनी त्याच्या हिरव्या झग्याची बाही घट्ट धरली आणि अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"अरे, पण ती माझ्याशी बोलेल ना रे?"