रिमोटच्या दोन बॅटऱ्या

रोज संध्याकाळी सात वाजता सिस्टरच्या घरात कुणीतरी मरायला टेकायचं आणि साडेसातला कुठल्यातरी इमारतीला आग लागायची. सातची मालिका हॉस्पिटलची, साडेसातची अग्निशमन दलाची. आई दोन्ही बघायची, सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसून, पाय स्टुलावर आणि रिमोट मांडीवर. आणि दिवसभर खऱ्याखुऱ्या हॉस्पिटलात उभी राहून आलेली सिस्टर ओट्याशी भाजी चिरता चिरता कपाळाला हात लावायची.

गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. दुधवाला, इस्त्रीवाला, खालच्या मजल्यावरचे पेन्शनर काका, सगळे. बावीस वर्षं ती ऑपरेशन थिएटरमध्ये होती. डॉक्टरच्या हातात हत्यारं द्यायची, आणि मोजायचं, हे तिचं काम. ऑपरेशन सुरू होताना रक्त टिपायच्या गॉजचे जितके तुकडे टेबलावर येतात तितकेच शिवायच्या आधी परत मिळाले पाहिजेत. एक जरी कमी भरला तरी मोठ्यातला मोठा डॉक्टर सुई हातात धरून निमूट उभा राहतो, सिस्टर 'काउंट बरोबर' म्हणेपर्यंत. लग्न तिनं केलं नव्हतं. का केलं नाही, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, घरी दोन जण भांडणारे आहेत तेवढे पुरेत. वडील गेल्यावर एकच उरली होती, पण ती दोघांचं भरून काढायची.

"आई, नाक बाहेर आहे त्याचं," सिस्टर ओट्यापासून ओरडायची.

"कुणाचं?"

"त्या डॉक्टरचं. मास्क नाकाखाली लावलाय. आमच्याकडे असा आला तर हात धरून बाहेर काढतील."

"तुमच्याकडे कुणाचं नाक बघण्यासारखं आहे?"

मालिकेतली नर्स केस मोकळे सोडून थिएटरमध्ये हिंडायची. मॉनिटरवर सरळ रेघ आली की हे लोक छातीला शॉक द्यायचे आणि पेशंट डोळे उघडून आधी बायकोची चौकशी करायचा. सरळ रेघेला शॉक देत नाहीत, हे सिस्टरनं आईला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. ऑपरेशन चालू असताना दारावर लाल दिवा लागायचा आणि सगळं खानदान त्या दिव्याकडे टक लावून उभं राहायचं. "असला दिवा आमच्याकडे नाहीच मुळी," सिस्टर म्हणायची. आई म्हणायची, "मग लावून घ्या. बाहेरच्यांना काही कळायला नको?" आणि एवढ्या वर्षांत एकाही भागात कुणी गॉज मोजलेला सिस्टरनं बघितला नव्हता. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो खरा यामुळे.

साडेसातची त्याहून वरताण. तिचा नायक एक अग्निशमन अधिकारी. आई त्याला साहेब म्हणायची, जणू रोज घरी चहाला येतो. साहेब धुराच्या लोटात तोंडावर काहीही न लावता घुसायचे, कारण तोंड झाकलं तर देखणेपणा कुणाला दिसणार. सिस्टरचे वडील तीस वर्षं आगीच्या बंबावर ड्रायव्हर होते. घरी येताना त्यांच्या कपड्यांना, केसांना, अगदी घड्याळाच्या पट्ट्यालासुद्धा धुराचा वास असायचा. काय झालं विचारलं तर एवढंच म्हणायचे, "आग होती. विझली." आई साडेसातची मालिका त्यांच्यासाठी बघते की साहेबांसाठी, हे सिस्टरला कधी कळलं नाही.

आईची आणखी एक खोड होती. कोण मरणार ते ती आधीच सांगायची. साहेबांच्या हाताखालचा एक जण ड्युटीवर निघताना दारात वळला, बायकोला म्हणाला, तू आहेस म्हणून मी आहे. आईनं लगेच स्टुलावरचे पाय खाली घेतले. "संपला हा. गोड बोलला ना जाताना." शुक्रवारपर्यंत तो संपलाच. सिस्टरला वाटायचं, इतकी भिकार मालिका आहे की म्हातारीलासुद्धा कळतं पुढे काय होणार.

मग एके दिवशी आई बेसिनपाशी भांडी विसळता विसळता खाली बसली. चक्कर आली, एवढंच म्हणाली. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप अरुंद होऊन बसली होती. ऑपरेशन केलं तर आई पुन्हा जिने चढेल, आणि नाही केलं तर वर्ष, फार तर दीड वर्ष. सिस्टरनं ज्यांना बावीस वर्षं हत्यारं दिली त्या मोठ्या डॉक्टरांनीच हे सांगितलं, आणि सांगताना ते तिच्याकडे न बघता रिपोर्टकडे बघत होते. असं ते कधी करतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तारीख मिळाली. आई म्हणाली, "या आठवड्यात नको. साहेब लिफ्टच्या खड्ड्यात अडकलेत."

सिस्टरला वाटलं थट्टा करतेय. आई थट्टा करत नव्हती. तारीख पुढे गेली. दुसऱ्या तारखेलाही साहेब तिथेच दोरीला लटकलेले. दोन आठवडे माणूस लटकतोय आणि दाढी एका दिवसाची. सिस्टरनं समजावलं, हातापाया पडून झालं, रागावून झालं. "तो नट आहे, आई. संध्याकाळी घरी जाऊन जेवतो तो. मरायला तू टेकली आहेस." हे बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. आई मात्र शांतपणे म्हणाली, "आवाज कमी कर, ऐकू येत नाही."

त्या दिवशी पाणी डोक्यावरून गेलं. आई न्हाणीघरात असताना सिस्टरनं रिमोट उलटा केला, मागचं झाकण सरकवलं आणि दोन्ही बॅटऱ्या काढून पर्समध्ये टाकल्या. टीव्हीवरची बटणं कधीचीच बिघडली होती. सात वाजता आईनं रिमोट दाबला, झटकला, तळहातावर आपटला, झाकण उघडून बघितलं.

"बॅटऱ्या कुठायत?"

"मला काय माहीत?"

"तूच काढल्यास."

"मी कशाला काढू?"

दोन दिवस घरात टीव्ही नाही आणि बोलणंही नाही. सिस्टरनं बॅटऱ्या आणल्या नाहीत आणि तीन मजले उतरून आणायला जाण्याचं बळ आईत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "हॉस्पिटलच्या खोलीत टीव्ही असतो?" असतो म्हटल्यावर म्हणाली, "मग चल." इतकी वर्षं रुग्णसेवा केली, पण टीव्हीच्या लोभानं भरती झालेला पेशंट सिस्टरनं हाच पहिला बघितला.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, सोबतीला आली होती. तिघींनी मिळून साडेसातची मालिका बघितली. साहेब एकदाचे वर आले, अंगावर ओरखडाही नव्हता. आईनं समाधानानं टीव्ही बंद केला. सिस्टरला वाटलं, बोलायची हीच वेळ. झडपेचं ऑपरेशन काय असतं, त्यात हृदय किती वेळ थांबवून ठेवतात, हे तिला नको तितकं माहीत होतं. ती आईच्या पलंगावर बसली, हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, माझं काही चुकलं असेल तर माफ कर. तू माझ्यासाठी खूप केलंस."

आईनं हात झटकन ओढून घेतला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "गप्प बस," ती म्हणाली. "एक शब्द बोलू नकोस." आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

सिस्टर बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. मेलं काहीतरी चांगलं बोलायला जावं तर हे. तिला रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता. आयुष्यभर हिची उठबस केली. गोड शब्द मागितला नव्हता, नुसता ऐकून घे म्हटलं होतं.

सकाळी ट्रॉली आली. घरचं माणूस टेबलावर असेल तेव्हा सिस्टरनं आत जायचं नाही, असा तिथला नियम होता, म्हणून ती थिएटरच्या दारापर्यंतच बरोबर चालली. आई तिच्याकडे बघत नव्हती. दार उघडलं तसं आईनं एकदम मान उचलली आणि वॉर्डबॉयपासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बॅटऱ्या तूच काढल्यास. मी विसरले नाही. खोटारडी कुठली. आल्यावर बघते तुला."

दार बंद झालं. बावीस वर्षं जिथे मान होता तिथे सगळ्यांसमोर खोटारडी. ती मावशीशेजारच्या बाकावर धपकन बसली.

"बघितलंस? जाता जाताही," ती म्हणाली. "देवानं हिला जीभ दिली ती नुसती मला टोचायला."

मावशी पदरानं चष्मा पुसत होती. "तुझ्या बापालाही कधी नीट निरोप दिला नाही तिनं," ती म्हणाली. "माझ्या लग्नाच्या आधी मी राहायचे ना तुमच्याकडे. तो ड्युटीवर निघाला की हिचं सुरू. चप्पल इथे का काढली, डबा का नाही धुतला. आणि भांडण मिटू द्यायची नाही. तो जिन्यात पोचला तरी वरून चालूच."

"ते काय मला माहीत नाही? बालपण त्यातच गेलं."

"मी एकदा विचारलं, अगं, माणूस आगीत जातोय, दोन शब्द बरे बोल. तर मला म्हणाली, बरं बोललं की सगळं मिटतं. भांडण अर्धं ठेवलं तर ते पुरं करायला त्याला यावं लागतं." मावशीनं चष्मा घातला. "तीस वर्षं आला बाई रोज. मला हसायची सोय राहिली नाही."

सिस्टरच्या डोक्यात आईचं ते वाक्य फिरू लागलं. गोड बोलला ना जाताना, संपला हा. पलंगावरून ओढून घेतलेला तो हात. तिनं आईची माफी मागितली होती. आपल्या हातानं सगळं मिटवून टाकलं होतं. आईनं बिचारीनं ट्रॉलीवरून पुन्हा उकरून काढलं, तर आपण उत्तरसुद्धा दिलं नाही. एकटीचं भांडण कधी भांडण असतं का?

असल्या खुळचटपणावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिचा विश्वास मोजणीवर होता. ती उठली आणि भिंतीवरच्या फोनपाशी गेली. आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं सुया आणि नळ्या लावण्यात जातात, भूल नंतर देतात, हे तिला पाठ होतं. अजून बाराच मिनिटं झाली होती. तिनं थिएटरचा नंबर फिरवला. तिच्या जागी आज उभी असलेली धाकटी सिस्टर फोनवर आली.

"आई जागी आहे?"

"आहेत, सिस्टर. काळजी करू नका, सगळं..."

"तिला निरोप सांग. म्हणावं, बॅटऱ्या मी काढल्या नाहीत. तूच कुठेतरी हरवल्यास आणि माझ्यावर ढकलतेस."

"सिस्टर, आत्ता? हे सांगू?"

"शब्दन् शब्द सांग. चढ्या आवाजात सांग."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. लांबून धाकटीचा घाबराघुबरा आवाज, मग आईचा, मग कुणीतरी हसलं, बहुतेक मोठे डॉक्टर. धाकटी परत आली. "त्या म्हणाल्या, येते आणि दाखवतेच तिला." मग ती म्हणाली, "सिस्टर, त्यांची नाडी मघाशी खूप पळत होती. आता बरीच खाली आलीय."

पुढचे पाच तास सिस्टर दाराकडे बघत बसली. त्या दाराच्या आतल्या बाजूला तिची उमर गेली होती, बाहेरच्या बाजूला ती कधी बसली नव्हती. आत आता काय चाललं असेल, ते ती घड्याळाकडे न बघताही सांगू शकली असती, आणि त्याचा काही म्हणजे काही उपयोग नव्हता. दार कोरं होतं. एखादा लाल दिवा असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि आईला हे कधीही सांगायचं नाही असं तिनं ठरवलं. दुपारी मोठे डॉक्टर टोपी काढत बाहेर आले आणि आज ते सरळ तिच्याकडे बघत होते.

"काउंट बरोबर," ते म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

संध्याकाळी अतिदक्षता विभागात तिला पाच मिनिटं आत सोडलं. सातची मालिका आत्ता लागली असेल. आईच्या तोंडात नळी होती, हात पट्ट्यांनी बांधलेले होते, डोळे अर्धवट उघडे. ते डोळे हळूहळू फिरले आणि सिस्टरवर येऊन थांबले. बोलता येणं शक्य नव्हतं. आईनं चादरीवरचा उजवा हात कसाबसा वळवला आणि दोन बोटं उभी केली. दोन. मग अंगठा दोनदा दाबला, रिमोट दाबतात तसा.

सिस्टरचे डोळे भरून आले. पर्स बाहेर ठेवायची असते, म्हणून बॅटऱ्या तिनं सकाळीच काढून युनिफॉर्मच्या खिशात टाकल्या होत्या. ती खिशात हात घालून उभी होती, आणि दोन्ही बॅटऱ्या तिच्या मुठीत गरम झाल्या होत्या.

ती आईच्या कानाशी वाकली.

"मी नाही काढल्या," ती म्हणाली. "घरी ये, मग बघू."